र्यूटरबेर्क

र्यूटरबेर्क : जर्मनीच्या मेक्लेनबुर्ग-फोरपोमर्न राज्यातील एल्ब नदीकाठचे लहान गाव. नदीच्या उजव्या तीरावर, डोमिट्स शहराच्या वायव्येस काही किमी. अंतरावर, पात्राकडे पुढे आलेल्या उंचवट्यावर ते वसले आहे. २००४ पासून त्याचा समावेश डोमिट्स नगरपालिकेत होतो. परिसरात विटांसाठी लागणारी चिकणमाती मुबलक असल्याने येथे वीटभट्टीचा उद्योग चाले.

गावाच्या प्राचीन इतिहासाची साधने तुटपुंजी आहेत. वेंडिश वेनिंगेन हे त्याचे जुने नाव. वेंड ही जर्मनांनी आपल्या शेजारच्या स्लाव्ह लोकांना दिलेली संज्ञा असल्याने मूळ वस्ती स्लाव्ह असावी, असे मानले जाते. मात्र हा निष्कर्ष मुख्यतः नावावर बेतलेला आहे. शेजारी हॅनोव्हरच्या अखत्यारीत वेनिंगेन नावाचेच दुसरे गाव होते. ‘वेंडिश’ हे विशेषण केवळ दोहोंत फरक करण्यासाठी जोडले गेले असण्याचीही शक्यता आहे. नाझी राजवटीत, १९३८ मध्ये, हे नाव बदलून सध्याचे देण्यात आले.

गावाला महत्त्व आले ते १९४५ नंतर पूर्व व पश्चिम जर्मनींच्या दरम्यान आलेल्या सीमेमुळे. गाव पूर्व जर्मनीच्या बाजूस होते. सीमा नेमकी कोठून जाते, हा प्रश्न दोन्ही जर्मनींत अखेरपर्यंत सुटला नाही. श्नाकेनबुर्ग ते लाउएनबुर्ग या सुमारे ९४ किमी. टप्प्यात एल्ब नदी सरहद्दीवर होती. सीमा नदीच्या ईशान्य तीरावर आहे, म्हणजे संपूर्ण पात्र आपल्याकडे येते, अशी पश्चिम जर्मनीची भूमिका होती. त्यासाठी ब्रिटिशांनी व्यापलेल्या विभागातील वहिवाटीचा दाखला दिला जाई. नौकानयनयोग्य नद्यांच्या बाबतीतील सर्वसाधारण प्रघात पुढे करून पूर्व जर्मनी मध्यप्रवाहाचा, म्हणजे सीमा पात्राच्या मध्यातून जावी असा, आग्रह धरी. मूळ आधार दोस्त राष्ट्रांचा १२ सप्टेंबर १९४४ चा लंडन करारनामा. त्याने जर्मनीच्या व्याप्त विभागांच्या सीमा युद्धपूर्व प्रांतिक हद्दींवर बसवल्या. पण या टापूत जुनी हद्द सर्वत्र नदीतून जात नव्हती. हॅनोव्हरचा आम्ट नॉयहाउस हा भाग उजव्या तीरावर होता. पूल नसल्याने तिकडचा कारभार अवघड ठरून ब्रिटिशांनी तो १९४५ मध्ये सोव्हिएत अधिकाऱ्यांकडे सोपवला आणि तेथे सीमा प्रत्यक्ष व्यवहारात नदीवर सरकली. त्यामुळे सबंध टप्प्याला एकच नियम लावण्यापेक्षा प्रत्येक भागाचा निराळा विचार करणारे मत अधिक ग्राह्य वाटते. ऑक्टोबर १९६६ मध्ये गोर्लेबेनजवळ पश्चिम जर्मन मोजणी-नौकेवरून दोन्ही बाजू समोरासमोर आल्या. १९७३ मध्ये नेमलेल्या संयुक्त सीमा आयोगाने उरलेली बरीचशी हद्द निश्चित केली. १९७८ च्या करारात मात्र एल्बचा हा टप्पा वगळावा लागला. १३ ऑक्टोबर १९८० रोजी गेरा येथे पूर्व जर्मनीचे नेते होनेकर यांनी पश्चिम जर्मनीपुढे मांडलेल्या मागण्यांत मध्यप्रवाहाची सीमा ही एक मागणी होती.

सीमेलगतची ५ किमी. रुंदीची प्रतिबंधित पट्टी १९५२ पासून अस्तित्वात होती. ‘अविश्वासू’ ठरवलेल्या कुटुंबांना १९५२ व १९६१ मध्ये सक्तीने आत हलवण्यात आले. र्यूटरबेर्कही त्यातून सुटले नाही. १९६७ मध्ये नदीकडील कुंपणाखेरीज जमिनीच्या बाजूनेही कुंपण घालून गाव चहूबाजूंनी बंद करण्यात आले. गोर्लेबेनच्या घटनेपाठोपाठ हे घडले असले, तरी दोहोंचा थेट संबंध जोडण्याचा मोह टाळलेला बरा. ये-जा एकाच पहारा असलेल्या फाटकातून होई. ते रात्री ११ ते पहाटे ५ बंद असे. उशिरा परतणाऱ्या गावकऱ्याला स्वतःच्या घरी जाण्यासाठी पहाटेपर्यंत बाहेर ताटकळावे लागे. पाहुण्यांना, मग ते सख्खे नातेवाईक का असेनात, आधी परवाना काढावा लागे. सीमेलगतच्या इमारती पाडण्यात आल्या. लोकसंख्या सुमारे ३०० वरून निम्म्यावर आली.

८ नोव्हेंबर १९८९ रोजी भरलेल्या ग्रामसभेत शिंपीकाम करणारे हान्स राझेनबेर्गर यांच्या पुढाकाराने गावकऱ्यांनी ‘ग्रामप्रजासत्ताक’ जाहीर केले. स्वित्झर्लंडच्या आद्य कॅंटनांतील (प्रांतांतील) नागरिकांच्या खुल्या सभांचा आदर्श त्यांच्यापुढे होता. दुसऱ्याच दिवशी बर्लिनची भिंत खुली झाली आणि लवकरच गावचे फाटकही. या घोषणेला कायदेशीर आधार नव्हता. राष्ट्रापासून फुटून निघण्यापेक्षा आपल्या गावाचा कारभार आपण पाहण्याची मागणी, असेच तिचे स्वरूप दिसते. १९९१ मध्ये राज्याच्या गृहखात्याने गावाच्या फलकावर ‘ग्रामप्रजासत्ताक १९६७–१९८९’ असे लिहिण्यास परवानगी दिली. यातील वर्षे कुंपणबंदीचा काळ दर्शवतात. ती प्रजासत्ताकाचा कार्यकाळ समजण्याची चूक प्रवासवर्णनांत सर्रास आढळते.

एप्रिल १९४५ मध्ये उद्ध्वस्त झालेल्या डोमिट्सच्या रस्तापुलाच्या जागी डिसेंबर १९९२ मध्ये नवा पूल खुला झाला. ३० जून १९९३ रोजी आम्ट नॉयहाउस पुन्हा पूर्वीच्या हॅनोव्हरकडे, म्हणजे आताच्या लोअर सॅक्सनी राज्याकडे गेला, त्यामुळे आज राज्यांची हद्द र्यूटरबेर्कच्या शेजारून जमिनीवरूनच जाते. कुंपणे काढण्यात आली असून एक टेहळणी मनोरा शिल्लक आहे. एल्ब सायकलमार्गावरील प्रवासी येथे थांबतात.