पॅकेजिंग इंजिनिअरिंग (मालाच्या वितरणासाठी)

पॅकेजिंग इंजिनिअरिंग म्हणजे माल शेतातून किंवा कारखान्यातून निघाल्यापासून गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंत धड कसा राहील याचं शिक्षण. खोक्यावरचं छापील डिझाइन हा वेगळा विषय, इथे बघायचं असतं की खालची पेटी वरच्या थप्पीचं वजन किती दिवस पेलेल, ट्रकच्या हादऱ्यांनी आत काय सैल होईल, हमालाच्या हातून सुटली तर काय फुटेल.

नाशिकमध्ये हे समजायला द्राक्षाचा सीझन पुरतो. पिंपळगाव, दिंडोरीकडची एक्सपोर्टची द्राक्षं पनेटमध्ये, म्हणजे छोट्या प्लास्टिकच्या डब्यांत, भरून पेटीत जातात, बुरशी लागू नये म्हणून सल्फर डायऑक्साइड सोडणारा पॅड टाकतात, मग प्री-कूलिंग (निघण्याआधी माल गार करणं), मग शून्य डिग्रीच्या आसपासचा रीफर, म्हणजे फ्रीजसारखा कंटेनर, न्हावाशेवा बंदर आणि पुढे काही आठवडे जहाज. आता द्राक्षाला दमट हवा लागते, नाहीतर देठ सुकतात, आणि पुठ्ठ्याला तीच हवा मारते, 90 टक्के आर्द्रतेत पेटीची ताकद निम्म्यावर येऊ शकते. गार हवा आत जायला भोकं तर हवीतच, पण ती कोपऱ्याजवळ पाडली की पेटी बसलीच, कारण सगळ्यात जास्त वजन कोपरे पेलतात. म्हणून थप्पी कोपऱ्यावर कोपरा ठेवूनच लावावी, विटांसारखे सांधे फिरवून लावलेली थप्पी हलत नाही खरी पण पेट्या लवकर दबतात. माझ्या मते या विषयाचा खरा गाभा हाच आहे.

शिकायचं तर 1966 साली सुरू झालेली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंग मुंबईत अंधेरीला आहे, सायन्स किंवा इंजिनिअरिंगच्या डिग्रीनंतर तिथे 2 वर्षांचा पीजी डिप्लोमा करता येतो. अमेरिकेत मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत हा विषय 1952 पासून शिकवतात. मटेरियल, मशिनरी, कायदे सगळं असतं, पण टेस्टिंग लॅबमध्ये जास्त वेळ घालवावा. इस्टा (ISTA) या पॅकेजिंगच्या चाचण्या ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या वन-ए टेस्टमध्ये साडेनऊ किलोच्या आतली पेटी 76 सेंटीमीटरवरून 10 वेळा पाडतात, 1 कोपरा, 3 कडा, 6 बाजू.

काम फक्त द्राक्षाचंच नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून ऑटो पार्ट्स आणि इलेक्ट्रिकल माल जातो, लोखंडी पार्टला गंज लागू नये म्हणून व्हीसीआय फिल्म (गंज रोखणारी वाफ सोडणारं प्लास्टिक) लागते, आणि बाहेरदेशी लाकडी पॅलेट पाठवायचं तर बहुतेक वेळा कीड मरावी म्हणून लाकूड गाभ्यापर्यंत 56 डिग्रीला सलग 30 मिनिटं तापवून त्यावर शिक्का मारावा लागतो, नसेल तर माल चांगला असूनही परदेशातल्या बंदरात अडकतो.