मामाच्या जिन्यातलं 'गाढव'

बडोद्याला दांडिया बाजारात मामाच्या जुन्या घरी जिन्यात एक फ्रेम आहे, पिवळा पडलेला कागद, त्यावर एक जनावर आणि मागे डोंगर. लहानपणापासून आम्ही त्याला गाढवच म्हणायचो, मामी तर म्हणायची की येणाऱ्याला आधी गाढव दिसतं, काढून टाका ते. दिवाळीत काच पुसायला खाली घेतली तेव्हा नीट बघितलं, अरे हा तर घुडखर, म्हणजे आपल्या कच्छच्या छोट्या रणातलं रानगाढव!

ओळखायचं सोपं आहे, खांदा बघायचा. पाळीव गाढव आफ्रिकेतल्या रानगाढवापासून आलं, साधारण ७ हजार वर्षांपूर्वी, म्हणून धोब्याच्या गाढवाच्या खांद्यावर बऱ्याचदा आडवा पट्टा असतो, तो पाठीवरच्या उभ्या पट्ट्याला छेदून क्रॉस करतो. घुडखराला तो सहसा नसतो. ताठ आखूड आयाळीपासून शेपटीकडे एकच चॉकलेटी पट्टा आणि दोन्ही बाजूंनी पांढरी किनार, आणि मामाच्या चित्रात ती किनार केस न् केस काढलीय.

बाकी मात्र गंमतच. पोट ढोलासारखं, पाय घोड्याचे, आणि डोंगर? छोटं रण परातीसारखं सपाट! पण अशी जुनी प्राणिचित्रं काढणाऱ्या बऱ्याच चित्रकारांनी जनावर रानात पाहिलेलंच नसायचं, समोर असायचं पेंढा भरलेलं कातडं, आणि भरणाऱ्याने पेंढा जास्त कोंबला की चित्रातही पोट सुटायचं. कमाटी बागेतल्या म्युझियममधल्या देवमाशाच्या सांगाड्यात असा घोळ होत नाही, हाडं ती हाडं.

रंगाचंही तसंच. ही चित्रं बहुतेक शिळाछापाची, म्हणजे चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने काढायचं, शाई लावून छापायचं आणि मग एकेक प्रत हाताने रंगवायची, त्यामुळे एकाच चित्राच्या दोन प्रतींत एक जनावर भुरं तर दुसरं तांबूस असू शकतं. वॉटरहाउस हॉकिन्स या इंग्रज चित्रकाराला त्या मानाने चैन होती, इंग्लंडमधल्या नोस्ली हॉलच्या खासगी प्राणिसंग्रहातले खुरवाले प्राणी त्याने काढले, ते १८५० साली छापले गेले. (पुढे लंडनच्या क्रिस्टल पॅलेसचे डायनासोर त्यानेच बनवले, ते आज बघितले की हसू येतं.)

घुडखराचं चित्र चुकलं तरी फार बिघडत नाही, छोट्या रणाकाठच्या दसाड्याला जाऊन ताडून बघता येतं. १९६९ च्या मोजणीत जेमतेम ३६२ उरले होते, साथीच्या रोगांनी झोडपलं होतं, २०२४ ला ७,६७२ भरले. त्याचा सीरियातला भाऊ मात्र गेला, खांद्याशी जेमतेम मीटरभर उंच, पिंजऱ्यातला शेवटचा १९२७ मध्ये व्हिएन्नाच्या झूमध्ये मेला. आता त्याच्या चित्रात कान लांब काढलेत की आखूड हे तपासायचं तर थोडे जुने फोटो आणि म्युझियममधली कातडी, तीही पेंढा भरलेली.