औषध संशोधन डेटा केंद्र : तेथील माणसे आणि त्यांचे काम

औषध संशोधन डेटा केंद्र : औषधांच्या प्रत्यक्ष वापराच्या नोंदी मिळवून, तपासून, जोडून व सांभाळून संशोधनासाठी उपलब्ध करून देणारी, विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र विभागाशी संलग्न असलेली यंत्रणा. कोणतेही औषध बाजारात येण्यापूर्वी त्याच्या चाचण्या होतात. मात्र त्या निवडक रुग्णांवर आणि ठरावीक मुदतीपुरत्या होतात. गरोदर स्त्रिया, फार वृद्ध माणसे, एकाच वेळी आठ-दहा औषधे घेणारे रुग्ण त्यांत बहुधा नसतात. दहा हजारांत एखाद्यालाच होणारा दुष्परिणाम तीन हजार रुग्णांच्या चाचणीत कोणाच्याही नजरेस न पडता राहू शकतो. औषध लाखो लोकांच्या हाती गेल्यावरच तो कळतो, आणि त्या लाखो लोकांच्या नोंदी नीट वाचणे हे अशा केंद्राचे काम आहे.

केंद्राची ओळख बहुधा त्याच्याकडील नोंदींच्या संख्येने आणि सर्व्हरच्या क्षमतेने करून दिली जाते. नोंदी करार करून मिळतात, सर्व्हर विकत मिळतात. नोंद कोणी, कशासाठी आणि कोणत्या घाईत केली असेल हे ओळखणारी माणसे तयार व्हायला मात्र वर्षे लागतात. केंद्राच्या निष्कर्षांवर विश्वास ठेवायचा की नाही हे त्यांच्यावर ठरते, म्हणून येथे भर त्यांच्यावर आहे.

पूर्वपीठिका

थॅलिडोमाइड हे औषध १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत विक्रीस आले आणि १९६१ च्या अखेरीस मागे घेतले गेले. तोवर गरोदरपणी ते घेतलेल्या मातांची सुमारे दहा हजार बाळे हातापायांची व्यंगे घेऊन जन्मली होती. अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली नाही, कारण तेथील औषध प्रशासनातील फ्रान्सिस केल्सी यांना कंपनीने दिलेली सुरक्षिततेची माहिती अपुरी वाटली आणि दडपण येऊनही त्या अडून राहिल्या. या आघातानंतर विक्रीतील औषधांवर कायम नजर ठेवण्याची गरज सर्वांना पटली. जागतिक आरोग्य संघटनेने १९६८ मध्ये आंतरराष्ट्रीय औषध निरीक्षण कार्यक्रम सुरू केला.

बॉस्टनमध्ये हर्शेल जिक आणि डेनिस स्लोन यांनी १९६६ मध्ये सुरू केलेल्या औषध निरीक्षण प्रकल्पाची पद्धत साधी होती. प्रशिक्षित परिचारिका वॉर्डात राहून कोणत्या रुग्णाला कोणते औषध सुरू झाले, का थांबवले, काय त्रास झाला हे ठरलेल्या फॉर्मवर टिपत. पुढे औषधांचे हिशेब संगणकावर गेले आणि कॅनडातील सस्कॅचेवान व मॅनिटोबा, अमेरिकेतील टेनेसी, स्कॉटलंडमधील डंडी अशा ठिकाणी त्या हिशेबांवर संशोधन उभे राहिले. डंडी विद्यापीठाच्या गटाला प्रत्येक व्यक्तीच्या दहा अंकी आरोग्य क्रमांकामुळे टेसाइड भागातील सुमारे चार लाख लोकांच्या औषधांच्या आणि रुग्णालयांच्या नोंदी जोडता आल्या.

या बदलात एक गोष्ट हातची गेली. वॉर्डातली परिचारिका संशोधनासाठीच नोंद करत होती आणि रुग्ण तिच्या डोळ्यांसमोर होता. हिशेबातली नोंद पैसे मिळवण्यासाठी केलेली असते. पैशांपुरती ती अचूक असते. बाकीच्या बाबतीत असेलच असे नाही. आजच्या केंद्रातील बहुतेक श्रम ही उणीव भरून काढण्यात जातात.

फार्मासिस्ट

औषधाच्या दुकानात किंवा रुग्णालयात काम केलेला फार्मासिस्ट हा केंद्रातील सर्वांत मोलाचा माणूस, असे म्हणणे अतिशयोक्तीचे नाही. नोंदीमागे घडलेला व्यवहार त्याने स्वतःच्या हाताने केलेला असतो.

इन्सुलिनचे उदाहरण घ्या. एका खोक्यात पाच पेन, प्रत्येकात तीन मिलिलिटर, दर मिलिलिटरला १०० युनिट; म्हणजे एकूण १,५०० युनिट. रोज २० युनिट घेणाऱ्या रुग्णाला, दर वेळी सुई तपासताना वाया जाणारी युनिटे धरूनही, हे खोके दोन महिन्यांहून जास्त पुरते. विमा योजना मात्र पुष्कळदा ३० दिवसांच्या पुरवठ्याचेच पैसे देते आणि खोके फोडता येत नाही, म्हणून विक्रेता ‘३० दिवस’ असे लिहून मोकळा होतो. रुग्ण पुन्हा दुकानात येतो तो पासष्टाव्या दिवशी. संगणकाच्या लेखी त्याने पस्तीस दिवस औषध सोडलेले असते. हजारो रुग्णांबाबत असे झाले की ‘इन्सुलिन घेण्यात रुग्ण हयगय करतात’ असा निष्कर्ष तयार होतो. फार्मासिस्ट खोक्याचे गणित मांडतो तेव्हा कुठे तो टळतो.

मेथोट्रेक्सेटची गोष्ट आणखी नाजूक. संधिवातासाठी हे औषध आठवड्यातून एकदाच घेतात. चुकून रोज घेतले तर जिवावर बेतते. अडीच मिलिग्रॅमच्या १२ गोळ्या, आठवड्याला तीन, हा चार आठवड्यांचा पुरवठा झाला. नोंदीत २८ दिवसांऐवजी ४ पडले, तर दिवसाची मात्रा सुमारे एक मिलिग्रॅमऐवजी साडेसात निघते आणि एका सुरळीत चाललेल्या रुग्णाची गणना विषबाधेच्या धोक्यात होते. हा आकडा टंकताना चुकला की खरोखरच कोणी रोज गोळी घेत होते, हे ठरवायला औषधाची जाण लागते.

जे नोंदीत नाही तेही फार्मासिस्टलाच आधी आठवते. चिठ्ठीविना घेतलेली ॲस्पिरिन, रोख पैसे देऊन नेलेले औषध, रुग्णालयात दिलेले इंजेक्शन यांतले काहीच हिशेबात उतरलेले नसू शकते. प्रोप्रॅनोलॉल रक्तदाबासाठी दिले की अर्धशिशीसाठी की हातांच्या कंपासाठी, हेही बिलावर लिहिलेले नसते. शिवाय घरी नेलेले औषध पोटात गेलेच, याची खात्री कोणतीच नोंद देत नाही.

डेटा व्यवस्थापक आणि प्रोग्रॅमर

केंद्रात आलेल्या फाइली प्रथम यांच्या हाती पडतात. देणाऱ्याने सांगितलेल्या ओळी आणि आलेल्या ओळी जुळतात का, महिन्यागणिक आलेख काढला तर कुठे खड्डा पडतो का, जन्मतारखांत १ जानेवारीची गर्दी आहे का (खरी तारीख ठाऊक नसली की बहुधा तीच लिहिली जाते), मृत्यूनंतरही कोणाच्या नावे औषध गेले आहे का, असे प्रश्न ते विचारत जातात. खड्डा म्हणजे साथ ओसरली असेही असेल किंवा एका जिल्ह्याची फाइल पोहोचलीच नाही असेही. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ रोजी निदानाचे कोड, म्हणजे प्रत्येक आजाराला दिलेली ठरावीक खूण, आयसीडी या आंतरराष्ट्रीय यादीच्या नवव्या आवृत्तीवरून (आयसीडी-९) दहाव्या आवृत्तीवर (आयसीडी-१०) गेले. त्या दिवसाच्या दोन्ही बाजूंना काही आजार अचानक वाढलेले किंवा घटलेले दिसतात, प्रत्यक्षात लोकांच्या प्रकृतीत काहीच बदललेले नसते. बाळंतपणानंतरच्या दिवसांत नवजात बाळावरच्या उपचारांचे बिल पुष्कळदा आईच्याच क्रमांकावर लागते. हे ठाऊक नसेल तर तान्ह्या बाळाचे औषध आईने घेतले असे वाटते.

चांगल्या केंद्रात मूळ फाइलला कोणी हात लावत नाही. दुरुस्ती प्रतीवर होते. ती कोणी, कधी आणि का केली हे लिहून ठेवले जाते. महत्त्वाच्या अभ्यासात दोन प्रोग्रॅमर एकाच आराखड्यावरून, एकमेकांचे काम न पाहता, स्वतंत्र प्रोग्रॅम लिहितात आणि मग आकडे ताडून पाहतात. फरक एका रुग्णाचा निघाला तरी तो कोठून आला हे शोधले जाते. हे काम कंटाळवाणे आहे आणि शोधनिबंधात त्याला एखादे वाक्य मिळाले तरी पुष्कळ. केंद्राचा दर्जा मात्र येथेच ठरतो. ‘मधुमेही कोणाला म्हणायचे’ यासाठी निवडलेल्या कोडची यादी डॉक्टर, फार्मासिस्ट आणि प्रोग्रॅमर एकत्र बसून करतात. या यादीतला एक कोड वगळला तरी हजारो माणसे अभ्यासातून गळू शकतात.

साथरोगतज्ज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ

अभ्यासाचा प्रश्न कसा मांडायचा आणि तुलना कोणाशी करायची हे या दोघांनी ठरवायचे असते. औषध घेणारे आणि न घेणारे मुळातच वेगळे असतात. जास्त आजारी माणसालाच जास्त औषध मिळते, आणि मग औषधच आजाराचे कारण भासू लागते.

वेळेचे गणितही फसवते. कॅनडातील मॅगिल विद्यापीठाचे सामी सुईसा यांनी २००३ मध्ये याचे ठळक उदाहरण दाखवले. फुप्फुसाच्या जुनाट आजाराने रुग्णालयात राहून घरी गेलेल्यांपैकी ज्यांनी पहिल्या ९० दिवसांत स्टिरॉइडचा इन्हेलर घेतला, ते जास्त जगले असे आधीच्या अभ्यासातून दिसत होते. पण इन्हेलर ऐंशीव्या दिवशी घेणारा माणूस त्या दिवसापर्यंत जिवंत असायलाच हवा! दहाव्या दिवशी वारलेला रुग्ण आपोआप ‘न घेणाऱ्यां’त जमा होत होता. काळाची मोजणी सुधारल्यावर तो फायदा उरला नाही. अशी गफलत सूत्रांत शोधून सापडत नाही. एकेक रुग्ण कोणत्या दिवशी कोणत्या गटात होता, हे कागदावर रेघ ओढून पाहावे लागते.

राखणदार

करार सांभाळणारे, नैतिकता समितीशी पत्रव्यवहार करणारे आणि कोणाला कोणती फाइल उघडता येईल हे ठरवणारे कर्मचारी संशोधकांना अडथळ्यासारखे वाटतात, हे खरे आहे. त्यांची गरज का आहे हे संगणकशास्त्रज्ञ लटान्या स्वीनी यांनी १९९० च्या दशकात सिद्ध केले. मॅसॅच्युसेट्स राज्याने सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य नोंदी नावे काढून संशोधनासाठी दिल्या होत्या. स्वीनी यांनी त्याच राज्यातील केंब्रिज शहराची मतदार यादी २० डॉलरला विकत घेतली आणि जन्मतारीख, लिंग व पिनकोड जुळवून त्या नोंदींतून थेट राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांचीच नोंद शोधून काढली. नाव पुसले म्हणजे ओळख पुसली, ही समजूत तेव्हापासून टिकली नाही.

म्हणून केंद्रात मूळ क्रमांकाच्या जागी दुसरा क्रमांक घातला जातो, तारखा सरकवल्या जातात, आणि निकालाच्या कोष्टकात फार लहान आकडे छापू देत नाहीत. अमेरिकेच्या मेडिकेअर या मुख्यतः वृद्धांसाठीच्या सरकारी विमा योजनेच्या नोंदी वापरताना १ ते १० रुग्णांचा रकाना झाकावा लागतो. तो आकडा बेरीज-वजाबाकी करून काढता येणार नाही ना, हेही राखणदार तपासतो. एखाद्या दुर्मीळ आजाराच्या लहान गावातील चार रुग्णांसाठी ही तपासणी सर्वांत मोठे संरक्षण असते.

आकड्यामागचा संदर्भ सुटतो तेव्हा

बॉस्टनच्या त्याच प्रकल्पाच्या नोंदींवरून जेन पोर्टर आणि हर्शेल जिक यांनी १९८० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनला पाच वाक्यांचे पत्र लिहिले. रुग्णालयात अफूवर्गीय वेदनाशामक मिळालेल्या ११,८८२ रुग्णांपैकी, पूर्वी व्यसन नसलेल्यांत, व्यसन लागल्याची ठोस नोंद फक्त चौघांची होती. वॉर्डातील, देखरेखीखालच्या रुग्णांपुरते ते निरीक्षण होते. पुढे घरी महिनोन्महिने घ्यायच्या गोळ्याही सुरक्षित आहेत यासाठी त्याच पत्राचा दाखला दिला जाऊ लागला. २०१७ मध्ये झालेल्या मोजणीत त्या पत्राचे ६०८ उल्लेख सापडले. त्यांतल्या सुमारे ८१ टक्के ठिकाणी हे रुग्ण रुग्णालयात दाखल होते, हे सांगितलेलेच नव्हते. अमेरिकेतील ओपिऑइड (अफूवर्गीय औषधांच्या व्यसनाच्या) संकटाला अशा दाखल्यांनी हातभार लावला. नोंदी खोट्या नव्हत्या, त्या कोठे आणि कशा जमवल्या हे सांगणारे कोणी त्यांच्याबरोबर गेले नाही.

दुसरी घटना २०२० ची. कोविडच्या साथीत सर्जिस्फिअर नावाच्या कंपनीच्या डेटावर आधारलेला, हायड्रॉक्सिक्लोरोक्विनमुळे मृत्यू वाढतात असे सांगणारा निबंध २२ मे रोजी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात ६७१ रुग्णालये आणि ९६,०३२ रुग्ण होते. त्याच्या आधारे जागतिक आरोग्य संघटनेने या औषधाची चाचणी काही काळ थांबवली. पण ऑस्ट्रेलियातील मृत्यूंचा निबंधातला आकडा त्या तारखेपर्यंत त्या देशात झालेल्या एकूण कोविड मृत्यूंपेक्षा जास्त होता. स्वतंत्र परीक्षकांनी मूळ डेटा मागितला तेव्हा तो मिळाला नाही, आणि ४ जूनला तीन लेखकांनी निबंध मागे घेतला. एवढ्या रुग्णालयांशी करार कोणी केले, फाइली कोणी जुळवल्या, इतक्या भाषांतल्या नोंदींना कोड कोणी दिले, हे प्रश्न विद्यापीठाच्या केंद्रात काम केलेल्या कोणालाही पहिल्याच दिवशी पडले असते. तसे ते पडलेही. निबंध येताच जगभरातल्या संशोधकांनी उघड पत्र लिहून हीच विचारणा केली.

बदलती रचना

आता डेटा एका जागी आणण्याऐवजी प्रश्नच जागोजागी पाठवण्याकडे कल आहे. अमेरिकेत २००७ च्या कायद्याने औषध प्रशासनाला २०१२ पर्यंत दहा कोटी लोकांच्या नोंदींपर्यंत पोहोचण्याचे बंधन घातले; त्यातून सेंटिनेल ही व्यवस्था उभी राहिली. तिच्यात नोंदी मूळ संस्थेतच राहतात, प्रोग्रॅम तेथे जातो आणि केवळ एकत्रित आकडे परत येतात. यामुळे गोपनीयता वाढली. स्थानिक कर्मचाऱ्यांचे महत्त्वही वाढले, कारण आपल्या नोंदींतील खाचाखोचा फक्त त्यांनाच ठाऊक असतात.

या माणसांची नोकरी पुष्कळदा अनुदानावर चालते. अनुदान संपले की करार संपतो. दहा वर्षे एकाच डेटावर काम केलेला प्रोग्रॅमर औषध कंपनीत गेला की त्याच्याबरोबर कोठेही न लिहिलेली माहिती जाते, आणि नव्या माणसाला ती चुका करतच शिकावी लागते. पीएचडीचे विद्यार्थी ही पोकळी काही अंशी भरतात, पण तेही चार-पाच वर्षांत निघून जातात. शोधनिबंधांतील श्रेय नोंदवण्यासाठी तयार झालेल्या क्रेडिट (CRediT) या पद्धतीत योगदानाचे १४ प्रकार आहेत. डेटाची निगा आणि सॉफ्टवेअर हे त्यांत स्वतंत्र प्रकार आहेत, त्यामुळे पूर्वी फक्त आभारात उरणारी नावे आता लेखकांच्या यादीत येऊ लागली आहेत. कोडच्या याद्या आणि प्रोग्रॅम स्वतंत्र प्रकाशन म्हणून खुले करणारी केंद्रेही वाढत आहेत. मागे राहणाऱ्याला त्यांचा आधार मिळतो आणि बाहेरच्या संशोधकाला तेच गणित पुन्हा करून पाहता येते.