नमस्कार करणं आणि नमस्कार घालणं: शाळेतल्या योगाची पार्श्वभूमी

राज्याच्या बहुतेक भागांत जूनच्या मध्यावर शाळा उघडतात आणि आठवडाभरात २१ तारखेचा योग दिन येऊन ठेपतो. मैदानात चिखल असतो, म्हणून सतरंज्या व्हरांड्यात पडतात. पाचवीची पोरं ताडासनात एकमेकांना कोपरं मारतात, वृक्षासनात अर्धा वर्ग शेजाऱ्याच्या खांद्याला धरून उभा राहतो, अहवालापुरते फोटो निघतात आणि सगळे वर्गात जातात. योगाचा मुलांना नेमका काय उपयोग होतो, हे त्यानंतर वर्षभर कोणी विचारत नाही. तो सक्तीचा असावा का, यावर मात्र वाद पेटत राहतो, आणि खोलात गेलं तर तो वाद बहुतेक वेळा योगाचा नसतोच. तो सूर्यनमस्कारांचा असतो.

जुन्या ग्रंथांत मूल शोधायला गेलं तर फारसं हाती लागत नाही. योगसूत्रांत आसनांबद्दल जेमतेम तीन सूत्रं. हठप्रदीपिकेत पंधरा आसनं, घेरंडसंहितेत बत्तीस. पण ती सांगितली आहेत साधकाला, म्हणजे मोठ्या माणसाला. मुलापर्यंत काही पोचायचं ते मुंजीतून. आठव्या वर्षी मुंज लागली की बटूला संध्या शिकवत, आणि संध्येत प्राणायाम आलाच: नाक धरायचं, पूरक, कुंभक, रेचक, म्हणजे श्वास घ्यायचा, कोंडायचा, सोडायचा. आज आपण मुलांना आधी आसनं देतो आणि श्वासाचं मागाहून बघतो; तेव्हा क्रम उलटा होता. अर्थात ही वाट काही जातींतल्या मुलग्यांपुरतीच. बाकीच्या मुलग्यांचं अंग घडायचं तालमीत, जोर-बैठकांवर आणि मल्लखांबावर. मुलींसाठी दोन्ही दारं बंद.

देवघर आणि तालीम यांच्या मधोमध कुठेतरी सूर्यनमस्कार उभे होते. आपण देवाला नमस्कार करतो, पण सकाळी उठून नमस्कार घालतो. क्रियापद बदललं की व्यायाम झाला, असं म्हणावंसं वाटतं. तेवढ्यानं निकाल लागत नाही, कारण नवसाचे साष्टांग नमस्कारही घालायचेच असतात आणि लोटांगणही घालायचंच. तृचाकल्प नमस्कार हा तर सरळ विधी. ऋचा आणि सूर्याची नावं म्हणत घालायचा. पण आकडा वाढला की त्यातही अंगाला घाम फुटतो. तो पुण्याचा की व्यायामाचा, हे विचारायची घरात कोणाला गरज वाटली नाही. आमच्याकडे प्रश्न एवढाच असायचा: ‘किती घातलेस?’

आता यात योग कुठे आहे? हठप्रदीपिकेच्या आसनांत सूर्यनमस्कार नाहीत. त्या ग्रंथावर एकोणिसाव्या शतकात लिहिलेल्या ज्योत्स्ना टीकेत ते सापडतात, पण भलत्याच ठिकाणी. साधकानं देहाला कष्टवणारी कामं टाळावीत, असं मूळ ग्रंथ सांगतो. टीकाकार उदाहरण देतो ते पुष्कळ सूर्यनमस्कार घालण्याचं आणि मोठी ओझी उचलण्याचं. हमाली आणि नमस्कार एकाच ओळीत! आज योगाचा तास ज्यानं सुरू होतो, ते तेव्हा योग्याला वर्ज्य होतं. ‘हजारो वर्षांची योगपरंपरा’ म्हणून सूर्यनमस्कारांचं समर्थन करणाऱ्यांनी आणि ‘योगाच्या नावाखाली पूजा’ म्हणून विरोध करणाऱ्यांनी, दोघांनीही ही ओळ एकदा वाचायला हरकत नाही.

नमस्कार शाळेत आले ते योग म्हणून नाहीच. ती गोष्ट आजच्या सातारा जिल्ह्यातल्या औंध संस्थानाची. तिथल्या राजानं तरुणपणी, १८९७ च्या सुमारास, तेव्हा युरोपात गाजत असलेल्या एका पहिलवानाची साधनं आणि पुस्तकं मागवली आणि दहाएक वर्षं इमानानं तो व्यायाम केला. मग १९०८ मध्ये मिरजेच्या संस्थानिकांनी नमस्कारांचा आग्रह धरला, आणि विलायती साधनं मागे पडली. राजा स्वतः घालू लागला, राणीही घालू लागली, आणि पुढे संस्थानातल्या शाळांत मुलामुलींना नमस्कार सक्तीचे झाले. १९२८ मध्ये त्यावर राजाचं इंग्रजी पुस्तकही निघालं. त्यातल्या नमस्कारात दहा अवस्था आहेत, आजच्यासारख्या बारा नाहीत.

औंधची कल्पना मला आजही आवडते, हे लपवत नाही. साधन नाही, खर्च नाही, जागा लागते ती एका कांबळ्याएवढी. आणि मुलींना व्यायाम हवा, हे म्हणण्याची तेव्हा फारशी पद्धत नव्हती. पण त्यात एक गोम होती. राजाच्या लेखी तो हुकूम होता, आणि हुकमासोबत मंत्रही येत होते. ‘ॐ मित्राय नमः’ पासून बारा नावं, त्यांच्या जोडीला ह्रां, ह्रीं ही बीजाक्षरं. उच्चारांनीही आरोग्याला फायदा होतो, असं राजाचं म्हणणं. व्यायाम, विधी आणि सक्ती ही तिन्ही सूतं तिथे एकत्र पिळली गेली, आणि पुढच्या प्रत्येक भांडणात एक ओढलं की बाकीची दोन मागोमाग येतात.

त्याच काळात लोणावळ्यात वेगळंच चाललं होतं. १९२४ मध्ये तिथे उभ्या राहिलेल्या संस्थेत योगक्रिया क्ष-किरणांखाली तपासल्या जात होत्या आणि निष्कर्ष स्वतःच्या नियतकालिकात छापले जात होते. या पठडीत योग म्हणजे दमवणारा व्यायाम नव्हे. सावकाश आसनात जायचं, थांबायचं, सावकाश सुटायचं. म्हैसूरच्या राजवाड्यात १९३० च्या दशकात मुलांना जोमदार आसनं शिकवली जात, पण सूर्यनमस्कारांचा वर्ग तिथेही वेगळा होता. पुढे म्हैसूरच्याच परंपरेतल्या आसनमालिकांच्या तोंडाशी नमस्कार जोडले गेले, ते परदेशी गेले आणि ‘योगा’ होऊन घरी परतले. शेवटचा काना तिकडचाच.

स्वातंत्र्यानंतर आपल्या शाळांत जे राहिलं ते शारीरिक शिक्षणाच्या तासाला शिट्टीवर मोजलेले नमस्कार आणि रथसप्तमीचे सामुदायिक नमस्कार. सर आकडा म्हणणार, ओळ वाकणार. त्याला कवायत म्हणणंच खरं.

२००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात मुलांना योग कसा द्यावा याचं एक शहाणं वाक्य आलं: प्राथमिक वर्गांत अनौपचारिक रीतीनं ओळख करून द्यावी, रीतसर योगाभ्यास मात्र सहावीपासूनच सुरू करावा. वयाची रेघ इतकी स्पष्ट आखलेली होती. तिच्यावर चर्चा व्हायला हवी होती. झाली ती सक्तीवर. जानेवारी २००७ मध्ये मध्य प्रदेशात राज्यभर एकाच दिवशी सूर्यनमस्कारांचा कार्यक्रम झाला आणि कोणावर सक्ती करू नका, असं उच्च न्यायालयाला सांगावं लागलं. २०१५ मध्ये पहिल्या आंतरराष्ट्रीय योग दिनाच्या सामायिक कार्यक्रमातून सूर्यनमस्कारच वगळले गेले. त्यावर काहींनी डोळे वटारले, पण ज्योत्स्नेच्या टीकाकाराला ते बरोबर वाटलं असतं. ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबईत महापालिकेच्या शाळांत योग आणि सूर्यनमस्कार सक्तीचे करण्याचा ठराव विरोध डावलून मंजूर झाला. पुढच्याच ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं पहिली ते आठवी योग सक्तीचा करा ही मागणी फेटाळली; शाळेत काय शिकवावं हे ठरवणं आमचं काम नव्हे, असं सांगून. २०२२ च्या जानेवारीत शाळांमधल्या सूर्यनमस्कारांच्या सरकारी कार्यक्रमावर पुन्हा आक्षेप आला. कारण तेच: सूर्यासमोर वाकणं ही उपासना आहे.

अमेरिकेतही हीच रस्सीखेच झाली. कॅलिफोर्नियातल्या एका गावात पालक कोर्टात गेले, तेव्हा २०१३ मध्ये न्यायाधीशांनी शाळेतला योग धार्मिक नसल्याचा निर्वाळा दिला. शाळांनी तोवर पद्मासनाचं नावही बदलून लहान मुलांच्या बोलीतलं करून टाकलं होतं. अलाबामात १९९३ पासून शाळांत योगाला बंदी होती. ती २०२१ मध्ये उठली, पण ‘नमस्ते’ म्हणायचं नाही या अटीवर. आपल्याला हसू येतं. पण नाव बदलून भांडण मिटवायचा उपाय आपल्याकडेही घरचाच आहे: पद्मासन म्हटलं तर योग, मांडी घातली तर जेवायला बसलो.

या सगळ्यात फायद्यांचा हिशोब मागे पडला. औंधच्या काळात आश्वासन होतं बळकट शरीर आणि दीर्घायुष्य. आता ते आहे एकाग्रता आणि परीक्षेच्या ताणातून सुटका. मुलांवरचे अभ्यास झाले आहेत, पण बहुतेक थोड्या मुलांवर आणि काही आठवड्यांचे. अंग लवचीक होतं, तोल सुधारतो, हे कोणत्याही वर्गात डोळ्यांना दिसतं. चिंता कमी होणं, लक्ष लागणं याकडेही काही निष्कर्ष झुकतात. पण तो गुण आसनाचा, की दिवसातली वीस मिनिटं कोणी ओरडत नाही याचा, हे वेगळं काढणं अवघड आहे. मला तर दुसरं कारणही पुरेसं वाटतं.

ओळख कशी करून द्यावी, यावर अनुभवी शिक्षकांत फारसे मतभेद नाहीत. श्वास कोंडायचा नाही, म्हणजे मुंजीतला कुंभक बाद. शीर्षासन नको. आसन काही श्वासांपुरतंच धरायचं, आणि कोणाला किती जमलं याची स्पर्धा लावायची नाही. खिचडी खाऊन आलेल्या वर्गाला लगेच पुढे वाकायला लावू नये. वेळापत्रक करणाऱ्यांनी कधी भरल्या पोटी पश्चिमोत्तानासन करून बघावं. बाकी ग्रंथांनीच सोय करून ठेवली आहे: भुजंग, मयूर, मत्स्य, शलभ, मकर, उष्ट्र. मुलांना हे प्राणिसंग्रहालय दाखवावं लागत नाही, त्यांना ते लगेच दिसतं. भ्रामरी, म्हणजे भुंग्यासारखं गुणगुणत श्वास सोडणं, सांगितली की वर्गाचं पोळं होतं, आणि गुणगुण थांबल्यावर जी शांतता पडते ती ‘शांत बसा’ म्हणून कधी मिळत नाही.

मी पाहिलेल्या एका तिसरीच्या वर्गात बाईंनी नमस्कार शिकवले, पण आकडा न म्हणता आणि मंत्राविना. ज्याला म्हणायचे त्यानं मनात म्हणावेत. साष्टांगाशी सगळे अडले. दोन पावलं, दोन गुडघे, छाती, दोन हात, कपाळ. आठ अंगं टेकायची आणि पोट वर राहू द्यायचं. निम्मा वर्ग पोटावर सपाट. एका मुलीनं मान वर करून विचारलं, ‘बाई, पोट टेकलं तर?’ बाई म्हणाल्या, ‘तर नऊ झाले. उठ, परत मोज.’