वर्गात यंत्र आलं, पेपर कागदावरच राहिला

१९१७ साली शाहू महाराजांनी करवीर (कोल्हापूर) संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पोर शाळेत धाडलं नाही तर पालकाला महिन्याला १ रुपया दंड. दंड करायचा तर कोण आलं, कोण चुकलं याची नोंद हवी, म्हणजे सक्तीचा सगळा भार गुरुजींच्या हजेरीपटावर. पोरांच्या हातातलं साधन मात्र पाटी. चुकलं की थुंकी लावून पुसायचं, कुठं नोंद राहायची नाही. शाळेत मोजणीचं साधन एकीकडे आणि शिकण्याचं दुसरीकडे, ही फारकत तेव्हापासूनची आहे.

शिकण्याच्या बाजूला यंत्रं पुढं बरीच आली. १९८४ साली पुण्यात शाळांसाठी टीव्ही कार्यक्रम बनवणारी बालचित्रवाणी सुरू झाली, १९८६च्या शैक्षणिक धोरणानंतर शाळांना रेडिओ-कॅसेट प्लेअर आणि टीव्ही मिळू लागले, १९८७ला शाळांना किमान साधनं देणारी खडू-फळा योजना आली. माझ्या शाळेतला टीव्ही लाकडी कपाटात असायचा आणि किल्ली हेडसरांच्या खिशात. कार्यक्रमाच्या वेळेला वीज असेलच असं नाही. पण खरी अडचण विजेची नव्हती, डेडस्टॉक रजिस्टरची, म्हणजे शाळेच्या मालकीच्या वस्तूंच्या नोंदवहीची होती. नोंद केलेली वस्तू बिघडली तर जाब सरांनाच द्यावा लागणार, मग ती न वापरणंच शहाणपणाचं. २००४च्या आयसीटी (माहिती-तंत्रज्ञान) योजनेतून माध्यमिक शाळांत संगणक आले. पुढे त्यांवर शिकवायला कंत्राटी शिक्षक नेमले गेले. कंत्राट संपलं की खोलीला कुलूप आणि संगणकांवर प्लास्टिकची खोळ.

मूल्यमापनाचा विचार यंत्राशिवाय आधी झाला. शिक्षणतज्ज्ञ लीलाताई पाटलांनी १९८५ साली कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय काढलं, तेव्हा गुणांपलीकडचं मूल बघण्याचा आग्रह धरला. राज्यभर तो विचार आला २० ऑगस्ट २०१०च्या शासन निर्णयानं: सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन. पहिली-दुसरीला आकारिक, म्हणजे वर्षभर वर्गात चालणाऱ्या मूल्यमापनाला ७० गुण आणि संकलित, म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेला ३०. कल्पना चांगलीच होती. प्रत्येक मुलाबद्दल शिक्षकानं वर्णनात्मक नोंद लिहायची होती. काही वर्षांतच तयार नोंदींच्या पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागल्या. 'सुचवलेल्या विषयावर मुद्देसूद बोलतो' हे वाक्य मग वर्गातल्या बोलघेवड्या पोरालाही लागू आणि वर्षभर तोंड न उघडणाऱ्यालाही. निकालपत्रकाची एक्सेल फाईल शिक्षकांनीच बनवली आणि ती एकमेकांना वाटली. सरकारी योजनांपेक्षा ती जास्त उपयोगी पडली, असं माझं मत.

२०१५ला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा सरकारी कार्यक्रम आला आणि लोकवर्गणीचं वारं सुटलं. ग्रामपंचायत, दूध संस्था, मुंबईला कामाला असलेली पोरं, सगळ्यांनी पैसे घातले. गावोगाव प्रोजेक्टर बसले, शाळा 'डिजिटल' झाल्या. २०१७ला दीक्षा हे सरकारी ऑनलाईन शिक्षण-व्यासपीठ आलं, पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड छापले गेले.

आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात वर्ग खरा बदलला तो मात्र एका तपासणी यंत्रानं. शिष्यवृत्ती परीक्षेचं वेड इथं जुनं. सकाळचे जादा तास, संध्याकाळचे जादा तास, सुट्टीतही वर्ग. ओएमआर उत्तरपत्रिका, म्हणजे उत्तराचा गोल काळा करायची पत्रिका, यंत्र वाचतं, म्हणून पोरांना चार पर्यायांतला एक निवडायची सवय लावायची. उत्तरपत्रिकांच्या झेरॉक्स काढून आधी गोल भरायचाच सराव: बॉलपेननं, पूर्ण काळा, रेषेबाहेर जायचं नाही, दोनदा गिरवायचं नाही. बाकावर वाकून, जीभ बाहेर काढून गोल रंगवणारी दहा वर्षांची पोरं मी पाहिलीत. प्रोजेक्टरला गुरुजी नाही म्हणू शकतात, गोलाला नाही.

मग कोरोना. २०२०ला दहावीचा भूगोलाचा पेपर रद्द झाला, २०२१ला अख्खी परीक्षा. नववीचे ५०, दहावीच्या अंतर्गत लेखीचे ३०, तोंडी-प्रात्यक्षिकाचे २० अशी बेरीज करून निकाल लागला तो ९९.९५ टक्के. इकडं शाहूवाडी, गगनबावड्याच्या वाड्यांत पोरं रेंजसाठी टेकाडावर जायची, वहीचा फोटो काढून सरांना पाठवायची. फोटोवर लाल खूण कशी करायची, हे काही सरांना त्यांच्याच पोरांनी शिकवलं. घरात बसून ऑनलाईन परीक्षा देणं मात्र कुणालाच फारसं पटलं नाही. शाळा उघडल्या आणि पेपर पुन्हा कागदावर आला.

२०२३च्या अखेरीस हजेरीसाठी चॅटबॉट, म्हणजे मोबाईलवर संदेशातून माहिती घेणारा प्रोग्रॅम आला, म्हणजे १९१७चा हजेरीपट मोबाईलमध्ये. त्याच वर्षी नियतकालिक मूल्यांकन चाचण्या सुरू झाल्या. प्रश्नपत्रिका छापील, पोरं पेनानं लिहिणार, गुरुजी लाल पेनानं तपासणार. त्यानंतर मोबाईल घेऊन व्हरांड्याच्या त्या कोपऱ्यात उभं राहायचं, जिथं दोन काड्या रेंज येते, आणि एकेका पोराचे गुण भरायचे.