फडके, यशवंत दिनकर

(३ जानेवारी १९३१ – ११ जानेवारी २००८). महाराष्ट्राच्या राजकीय व सामाजिक इतिहासाचे अभ्यासक, राज्यशास्त्राचे प्राध्यापक, चरित्रकार. जन्म सोलापूरचा, आणि तोही शहराच्या अत्यंत धगधगत्या दिवसांतला. मे १९३० मधील गोळीबारानंतर गिरण्यांचे हे गाव पेटले, पोलीस हटले आणि १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला. त्याच प्रकरणात मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली गेली, तेव्हा फडके नऊ दिवसांचे होते.

हे चौघे वेगवेगळ्या समाजांतले. माणूस कोणत्या समाजातून, कोणत्या वाटेने चळवळीत येतो, या प्रश्नाला फडके यांच्या लेखनात मोठे स्थान आहे. ‘केशवराव जेधे’ हे चरित्र म्हणूनच आवर्जून वाचावे. छत्रपती मेळ्यातून, म्हणजे गणेशोत्सवात गाणी सादर करणाऱ्या ब्राह्मणेतरांच्या पथकातून, ब्राह्मणी वर्चस्वावर तुटून पडणारे जेधे पुढे काकासाहेब गाडगीळांच्या जोडीने काँग्रेसमध्ये उभे राहतात, शेतकरी कामगार पक्ष काढतात आणि १९५६ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समिती ज्या सभेत स्थापन झाली तिचे अध्यक्षस्थान भूषवतात. एका माणसाच्या या प्रवासात ब्राह्मणेतर चळवळ राष्ट्रीय राजकारणात कशी मिसळली, हे स्पष्ट दिसते.

फडके मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत प्राध्यापक होते. १९०१ पासूनचा काळ घेणारी ‘विसाव्या शतकातील महाराष्ट्र’ ही खंडमाला त्यांचे सर्वांत मोठे काम.

वाद पेटला की ते गप्प बसत नसत. गांधीहत्येच्या समर्थनाला ‘नथुरामायण’मधून आणि आंबेडकरांवरील पत्रकार अरुण शौरींच्या आरोपांना स्वतंत्र पुस्तकातून त्यांनी उत्तर दिले. बाजू ते उघडपणे घेत, पण पुरावा मात्र कागदपत्रांतून काढून समोर ठेवत. ‘शोध सावरकरांचा’मध्येही गौरव आणि निंदा या दोन्हींपेक्षा त्यांचा भर तपासणीवर आहे; भक्त आणि विरोधक दोघांनाही तो ग्रंथ टाळता येत नाही.

२००० साली बेळगावच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. भाषिक राज्यांच्या राजकारणावर इंग्रजीत ग्रंथ लिहिलेल्या अभ्यासकाला सीमाभागात हा मान मिळणे अगदी उचित होते. महात्मा फुले समग्र वाङ्मयाची १९९१ ची सुधारित आवृत्तीही त्यांनीच संपादित केली. फुल्यांकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती आजही बहुधा तीच पडते.