जुना ट्रक, नवं इंजिन आणि पंख्याची वायर

जुन्या गाडीत दुसरं इंजिन बसवण्याचा उद्योग आपल्याकडे जुनाच आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातले डॉज-फार्गो ट्रक आणि लष्कराच्या डिस्पोजलमधून आलेल्या जीपा मुळात पेट्रोलवर चालायच्या. ते परवडेना, तशी त्यांच्या जागी डिझेल इंजिनं चढू लागली. आधी मद्रासच्या सिम्पसनची पर्किन्स, पुढे महिंद्राची प्यूजो.

त्या काळी रेडिएटरमधलं पाणी थंड ठेवणाऱ्या पंख्याचा वेगळा विचार कुणाला करावाच लागला नाही. पंखा वॉटर पंपाच्या पुलीवर बोल्टांनी कसलेला, क्रँकवरून आलेल्या पट्ट्यावर फिरणारा. इंजिन उतरलं की तोही उतरायचा आणि नव्या इंजिनाबरोबर त्याचा पंखा यायचा. वायरमनचा संबंधच नव्हता.

घाटासाठी हा पंखा उत्तम. कसाऱ्याहून इगतपुरीकडे ट्रक खालच्या गियरमध्ये चढतो, तेव्हा गाडी संथ असली तरी इंजिनाचे फेरे भरपूर असतात आणि पंखाही तितकाच जोरात फिरतो. नाशिकच्या द्वारका चौकाच्या कोंडीत मात्र सगळं उलटं. गाडी उभी, इंजिन नुसतं घरघरतंय, पंखा रेंगाळतोय आणि तापमानाचा काटा वर सरकतोय.

विजेचा पंखा सर्वसामान्य माणसाला दिसला तो १९८३ च्या मारुती ८०० मध्ये. तिचं इंजिन आडवं, पुली मडगार्डच्या बाजूला आणि रेडिएटर समोर. मग पट्टा पोचणार कसा? म्हणून मोटर आणि थर्मो स्विच. पाणी तापलं की पंखा चालू, निवलं की बंद. इंजिनाच्या फेऱ्यांशी पंख्याचं नातं तुटलं ते असं.

आज जुन्या ट्रकात कॉमन रेल (संगणकाच्या ताब्यातलं नव्या पद्धतीचं) डिझेल इंजिन बसवणाऱ्यांना हाच पंखा लागतो, कारण नव्या इंजिनाची पुली आणि जुना रेडिएटर यांची रेष क्वचितच जुळते, कधी दोघांत चार बोटंही जागा उरत नाही.

खरी गोम विजेत आहे. जुन्या गाडीचं वायरिंग दिवे, हॉर्न आणि फार तर वायपर एवढ्यांच्या हिशेबानं ओढलेलं. लुकासच्या सी४० डायनामोची (इंजिनावर फिरून वीज बनवणारं जुनं यंत्र) मजल जेमतेम २२ अँपिअर, तीही रेसवर; आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, त्यातून जवळजवळ काहीच मिळत नाही. मोठा पंखा एकटा १५-२० अँपिअर ओढतो, सुरू होतानाच्या क्षणी त्याच्या काही पट. म्हणजे कोंडीत पंखा सर्वाधिक हवा, आणि नेमका तेव्हाच डायनामो रिकामा! साठच्या दशकापासून डायनामोच्या जागी अल्टरनेटर रुळले आणि आयडललाही बॅटरी चार्ज होऊ लागली, म्हणून तर हा सगळा खेळ शक्य झाला. माझ्या मते पंखा विकत घेण्याआधी अल्टरनेटरचा अँपिअरचा आकडा बघावा. बहुतेक जण उलट्या क्रमानं जातात.

जोडणी रिलेतूनच हवी, म्हणजे छोट्या प्रवाहानं मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या स्विचमधून. रिलेच्या पायांवरचे ३०, ८५, ८६, ८७ हे आकडे जर्मनीच्या डिन ७२५५२ या मानकातले, म्हणून कुठल्याही कंपनीचा रिले बसतो. ३० ला बॅटरीतून थेट जाड वायर, तिच्यावर बॅटरीजवळच फ्यूज. ८७ वरून पंखा. ८५-८६ ही कॉइल, तिची एक बाजू चावीवर आणि दुसरी थर्मो स्विचमधून अर्थला. नव्या इंजिनाचा ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा संगणक) असेल तर बहुधा तोच ही अर्थ देतो. रिले टाळून चावीच्याच तारेवर पंखा जोडला, की चावी काढल्यावरही इंजिन क्षणभर चालत राहतं: फिरता पंखा स्वतःच जनरेटर होऊन इग्निशनला किंवा डिझेलच्या स्टॉप सोलेनॉइडला (वीज तुटली की डिझेल बंद करणारी झडप) वीज पुरवतो.

कागदांची बाजू वेगळी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार इंजिन बदलायला आरटीओची मंजुरी लागते. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांचा, म्हणजे व्हिंटेज गाडीचा नंबर देऊ केला, पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेली गाडी त्यात बसत नाही.

आणि अर्थिंग. गंजलेल्या, रंग चढवलेल्या चासीवर पंख्याची काळी वायर नुसती स्क्रूनं आवळली, तर वीज वाटेतच खर्ची पडते आणि दोष मोटरीच्या माथी येतो. जागा घासून पत्रा चकचकीत करावा, नाहीतर सरळ बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत वेगळी तार ओढावी.